भिंत चोखोबांवरही पडली

सिस्टर, एक विचारू? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की देव अट घालून प्रेम करत नाही. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली. या वेळी तीच घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही. पत्रं लांब होती तिथे कात्री लावली आहे.

प्रश्न : मी बिड्या वळते. कुंभारीला घरकुलात राहते. लग्नाआधीपासून सोमवार धरते, सिद्धेश्वराला जाते. यंदा एकापाठोपाठ एक झालं. सासूबाईंची डावी बाजू गेली, नवऱ्याचं यंत्रमागावरचं काम सुटलं, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. कारखान्यात बिड्या तपासतात. सैल, फाटकी, बारीक असेल ती बाजूला टाकतात. ती छाट. तिचा पैसा नाही. मला वाटतं देवानं मला छाटीत टाकलंय. तुम्ही म्हणता त्याची अट नसते. मग माझ्या रोजच्या दिवसात ते प्रेम कुठं आहे ते दाखवा. गोड बोलू नका.

ताई, गोड बोलायची मला सवय नाही. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आयुष्य गेलं. तिथे गोड बोलणं डॉक्टरांकडे असतं आणि सुई आमच्याकडे.

रात्री दोन-अडीचला पेशंट पाणी मागते. पिऊन झालं की हळूच विचारते, "सिस्टर, माझं काय चुकलं हो?" गोळ्यांबद्दल नसतं ते. कुठला उपास मोडला, कुणाचा तळतळाट लागला, हे ती बाई अंधारात शोधत असते. तुमचं पत्र वाचताना मला तोच आवाज ऐकू आला. तेव्हा वॉर्डात जे पाहिलं ते आधी सांगते : माणूस भला असण्याचा आणि बरा होण्याचा काही संबंध मला कधी दिसला नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा देवभोळ्या बायका डोळ्यांदेखत गेल्या. सुनेला छळून माहेरी धाडलेली एक सासू मात्र ठणठणीत होऊन, जाताना आम्हालाच चार शब्द सुनावून घरी गेली.

आता मंगळवेढ्याचं घ्या, आपल्याच जिल्ह्यातलं. चोखोबा तिथले. गावकुसाचं काम चाललं होतं, त्यावर राबणाऱ्यांत ते होते. भिंत कोसळली आणि बाकीच्यांबरोबर तेही तिच्याखाली गेले. साल १३३८ सांगतात. पुढची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. नामदेव महाराज आले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेचली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली. कीर्तनकार त्या नामापाशी थांबतात, टाळ्या घेतात. मी मात्र अलीकडे भिंतीपाशीच थांबते. ज्याच्यासाठी विठोबानं ढोरं ओढली असं अभंगात गातात, त्याच चोखोबांवर भिंत पडली आणि विठोबानं ती धरली नाही. तरी जवळजवळ सातशे वर्षांत कुणा वारकऱ्यानं असं म्हटलं नाही, की म्हणजे देवाचं चोखोबांवर प्रेम नव्हतं.

मी ख्रिस्ती. आमच्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अशीच एक पडझड आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांना विचारतो, ती अठरा माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि लगेच स्वतःच म्हणतो, नाही. पुढे तो पश्चात्तापाबद्दल कडक बोलतो, ते मी लपवत नाही. पण मेलेल्यांच्या माथी दोष मारायला तो तयार नाही.

भिंत पडली म्हणून देव रुसला असं धरायचं नसेल, तर दुसरी बाजूही धरता येत नाही, आणि ही बाजू लोकांना आवडत नाही. उद्या सासूबाई काठी धरून चालू लागल्या, मुलीला पहिल्याहून चांगलं स्थळ आलं, तरी देव आता प्रसन्न झाला असं म्हणू नका. म्हणालात, की पुढच्या संकटाला तुम्ही परत छाटीत. तपासनिसानं बिड्या तपासाव्यात, त्याची ती नोकरी आहे. देवाच्या जागी त्याला तुम्ही नेऊन बसवलंय.

मग दिवसात ते प्रेम कुठं? तुमच्याच पत्रात आहे. पाठकोऱ्या बाजूला, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय : "सासू सिव्हिलला होत्या तवा शेजारची तेलुगू बाई माझी पानं तिच्या घरी नेऊन वळायची, माझा खाडा पडू दिला नाही." तुम्हाला ती किरकोळ गोष्ट वाटली असावी. मी पत्र तिथेच खाली ठेवलं. बिडीची मजुरी हजारावर मिळते. बाईचे हात जेवढे चालतील तेवढीच कमाई. त्या बाईनं आपल्या वाट्याचं वळून, स्वयंपाक-पाणी उरकून, रात्री तुमची पानं कातरली, तंबाखू भरला, दोरा बांधला. तुमच्या सोमवारांशी तिला घेणंदेणं नाही. परतफेड करण्याजोगं तुमच्याकडे काही नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून राहते ती.

"देवानंच पाठवली हो तिला" असं म्हणून तिचं श्रेय काढून घेणं मला पटत नाही. झोप तिची मोडली. पण माझी श्रद्धा विचाराल तर अशी आहे, की देवाचं प्रेम डोळ्यांना दिसतं ते बहुधा याच रूपात. आपली लायकी कुणी तपासलेली नसते, परत काय मिळेल हे पाहिलेलं नसतं, आणि आपलं ओझं कुणीतरी उचललेलं असतं. सणावाराला, नवस फेडताना ते शोधायची आपल्याला सवय लागली आहे, म्हणून पाठकोऱ्या बाजूला राहून जातं.

सोमवार सोडू नका. जा, तळ्याकाठी घटकाभर बसा. मागच्या सोमवारांची जमा तेवढी बरोबर नेऊ नका.

आणि हे नर्स म्हणून : सासूबाईंच्या डाव्या हातापायाला रोज व्यायाम द्या, शिकवला असेल तसा. सुरुवातीच्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, तेवढ्यात आळस नको. त्या पडूनच असतील तर दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, आणि त्या लवकर भरत नाहीत.

प्रश्न : आईचं सगळं मी केलं, इथे जुळे सोलापुरात ठेवून. भाऊ पुण्याला. फोनवर "कशी आहे?" एवढंच. शेवटच्या आठवड्यात आला, आणि आईनं त्याचा हात धरून प्राण सोडला. दिवसकार्यात तो सगळ्यांना सांगत होता, आईचा जीव माझ्यात अडकला होता. देवाचं प्रेम असं सरसकट सारखंच असेल, तर मला ते नको.

शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. बहुतेकांना हेच म्हणायचं असतं, तोंडानं "सगळ्यांचं भलं कर" म्हणतात.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. पहाटे तो एक दिनार रोजावर मजूर ठरवतो. मग नऊला आणखी काही नेतो, बाराला, तीनला. पाचला बाजारात जातो तर काही जण अजून उभेच. त्यांनाही नेतो. सहाला सुट्टी होते आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार. पहाटेचे भडकतात : आम्ही दिवसभर ऊन सोसलं, आणि हे तासाभराचे आमच्या बरोबरीला?

आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावरून सकाळी उशिरा कधी गेला आहात? धडधाकट गडी आठच्या आत उचलले जातात. उन्हं चढल्यावर तिथे राहतात ते म्हातारे, पायानं अधू, दारूनं हात थरथरणारे, कडेवर लेकरू असलेल्या बाया. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. पाच वाजता ज्याला काम मिळालं त्याची पोरं काही बाराव्या हिश्शानं भुकेली नव्हती. ही गोष्ट मला खूप वर्षं अन्यायाची वाटायची. पाच वाजताच्या माणसाचं घर डोळ्यांपुढे आणलं तेव्हापासून वाटत नाही.

तुमचा भाऊ पाच वाजता आला. का, ते तुम्हाला ठाऊक. मरणाऱ्या माणसांशेजारी मी पुष्कळ बसले आहे. रोज हाताशी असणाऱ्याला ती शोधत नाहीत, न आलेल्याला शोधतात. वॉर्डात रात्रंदिवस बसलेल्या सुनेकडे पाठ आणि दुबईच्या लेकाचं नाव ओठांवर, हे नेहमीचं. सून आहेच, याची खात्री असते म्हणून. त्यानं तुमची धग लगेच कमी होणार नाही. नको होऊ दे. गोष्टीतल्या कुरकुरणाऱ्यालाही मालक हाकलून देत नाही, "मित्रा" म्हणूनच बोलतो.

आता व्यवहाराचं. देव खातेवही ठेवत नाही, म्हणून भावा-बहिणीनं ठेवू नये असं कुठे लिहिलेलं नाही. औषधं, दिवसपाळीची बाई, डायपर, ऑक्सिजन, जो खर्च तुम्ही एकटीनं केलात तो कागदावर मांडा आणि वर्षश्राद्धाची वाट न पाहता भावापुढे ठेवा. घर आईच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुम्ही दोघंही सारखेच वारस. विषय निघणारच आहे. तुम्ही काढलेला बरा.

प्रश्न : मी पंढरपूरचा, माळकरी. आपल्याबद्दल आदर आहे, पण विचारतो. "विश्वास ठेवशील तर तारण" ही आपल्या धर्मातली अटच नव्हे काय? मग बिनशर्त कसं म्हणता?

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. आमच्या मंडळीतही यावर चहा गार होईपर्यंत वाद होतात. मला कळतं ते इतकं, की पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे प्रेम आधीचं आणि विश्वास मागाहूनचा. विश्वासानं माणूस ते स्वीकारतो. विश्वास ठेवला म्हणून ते सुरू होत नाही. न स्वीकारणाऱ्याचं शेवटी काय, यावर आमच्यात मतं वेगवेगळी आहेत, आणि मी काही पाळक नाही.

अटी घालायची खरी हौस माणसांना. वर चोखोबांचं लिहिलंय. त्यांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर आहे, कारण हयातीत त्यांना आत मज्जाव होता. ती बंदी विठ्ठलाची नव्हती, हे तुम्ही माळकरीच आम्हाला सांगता. आणि ते दार उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवून मी सुटणार नाही. आमच्या चर्चमध्ये बाकावर सगळे शेजारी बसतात, पण मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की "आधीचे कोण ते?" हे आवाज खाली आणून विचारलं जातं. मी ऐकलंय, आमच्याच स्वयंपाकघरात.

आमचे कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांची भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर गातो. एखाद्या रविवारी या. ठेका तुमच्या ओळखीचा निघेल.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. रोज प्रार्थना करतो पण काहीच जाणवत नाही. बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. डोळ्यांत पाणी यायला पेटीवरचा एखादा सूरही पुरतो.

आमच्याकडे एक मावशी होत्या, सफाईच्या. पोलीस रस्त्यावरून बेवारस माणूस आणून टाकायचे, दारू प्यालेला, अंगावर जखमा, केसांत उवा. आम्ही नाकाला रुमाल लावायचो. मावशी कोमट पाणी आणायच्या आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढायच्या. तोंडानं अखंड शिव्या. त्याला, त्याच्या बापाला, सरकारला, आम्हाला. धुऊन झालं की स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी त्याच्यापुढे आपटायच्या. तुम्ही किती प्रेमानं करता हो मावशी, असं कुणी म्हटलं असतं तर बादली त्याच्याच अंगावर रिकामी झाली असती. त्यांना आतून काय वाटत होतं कोण जाणे. तो माणूस मात्र स्वच्छ झालेला असायचा, आणि जेवलेला.

देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, असं येशूनं म्हटलंय. (मे महिन्यात सोलापूरकराला हा आशीर्वाद म्हणून सांगायला छाती लागते. पण पुढे पावसाचंही म्हटलंय.) त्यात पाहणाऱ्याला काय जाणवतं याचा उल्लेख नाही. प्रार्थना चालू ठेव, छोटी ठेव, आणि शेजारच्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस.

प्रश्न : गाव लिहू नका. नवरा मारतो. माहेरी सांगितलं तर म्हणाले, देव जसं बिनशर्त प्रेम करतो तसं तूही कर, सुधारेल. मागच्या महिन्यात तुमचं पान सासूनं मला वाचून दाखवलं.

माझं पान त्यासाठी वाचून दाखवलं गेलं याचा मला संताप आला आहे, म्हणून सरळ लिहिते. नवऱ्यावर प्रेम करायला देव समर्थ आहे. त्यासाठी तुम्ही त्याच्या हाताखाली उभं राहण्याची गरज नाही. नासरेथचे लोक येशूला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून वाट काढून निघून गेला. ढकलून घेतलं नाही.

मारहाण झाली की १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जिवावर बेतलं तर ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार देता येते, आणि राहत्या घरातून तुम्हाला असंच बाहेर काढता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दवाखान्यात गेलात तर "बाथरूममध्ये पडले" म्हणू नका. बाथरूममध्ये पडलेल्या किती बायकांच्या गळ्यावर मी बोटांचे वळ पाहिलेत. मार कुणी, कशानं दिला ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. तो कागद पुढे कोर्टात बोलतो.

क्षमेचं नंतर. आधी सुरक्षित जागी पोचा, कडी आतून लावा, दोन दिवस झोपा. मग ठरवा. ठरवलं नाहीत तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही.

प्रश्न : आजी हे पान वाचते. मी दहावीला गणितात नापास झालो. आजी म्हणते देवाचं प्रेम कमी होत नाही. खरं का?

आजीचं खरं आहे. बाबांचं काही दिवस कमी झाल्यासारखं वाटेल, पण तो आवाजाचा भाग असतो. जेवणं नीट होऊ लागली की ओसरतो.

पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्यात असते. फॉर्म शाळेतूनच भरतात. मुदत गेली तर जास्तीचं शुल्क पडतं, तेव्हा उद्याच शाळेत जा. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो, त्याचंही तिथेच विचार. बीजगणितात अडलं की भूमितीत, हे आजीला सांगून उपयोग नाही, सरांना सांग. आणि जाताना गुणपत्रक बरोबर ने.